गहू आंबले नाहीत

१

कुरडया करायच्या म्हणजे गहू आंबायला हवेत. केनवडात यावर कोणाचं दुमत नाही. गहू पाण्यात भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आणि घरभर आंबूस, नाक मुरडायला लावणारा वास सुटला की समजायचं, आता वाटून चीक काढायला हरकत नाही. गंगूबाईचा त्या वासावर इतका भरवसा होता की ती भांड्याचं झाकण उघडून कधी बघतही नसे. स्वयंपाकघरातून जाता-येता नाकच तिला सांगायचं.

या मे महिन्यात नाकानं काही सांगितलं नाही.

"माय वो," शेजारची लिलाबाई भांड्यात हात घालून म्हणाली, "हे गहू तं कालच भिजू घातल्यावानी हायेत. पानी बदलून राह्यली का नुसतंच पाहून राह्यली?"

"रोज बदलते वो."

"मंग आंबत काहून नाईत? म्या तं तुह्या मांगून टाकले, अन् माह्या घरात उभं राहवत नाई."

गंगूबाईनं एक दाणा बोटांत दाबला. दाणा फुगला होता, मऊ झाला होता, पण नाकाशी नेला तर नुसता ओल्या गव्हाचा वास. तिनं लेकीला हाक मारली.

लेक म्हणजे धम्मदीपा. एवढं लांब नाव घ्यायला घरात कोणाला सवड नव्हती, म्हणून दीपा. वाशीमच्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि उन्हाळी सुट्टीत केनवडच्या घरी मागच्या खोलीत बुरशी वाढवायची. इकडे अळंबीला सात्या म्हणतात, म्हणून गावात तिला 'सात्यावाली मॅडम' म्हणत, आणि ती ते हसून घ्यायची. कारणांचा तुटवडा तिच्याकडे कधीच नसे. तिनं भांड्यात वाकून बघितलं आणि लगेच निकाल दिला.

"बोअरच्या पान्यात काईतरी आलं असन, माय. आपन फिल्टरचं वापरू."

लिलाबाई मान हलवत निघून गेली. खरं तर ती गेल्यावर गंगूबाईनं जे सांगितलं ते आधी सांगायला हवं होतं. दहीही लागत नव्हतं. लिलाबाईकडून दोनदा विरजण आणलं, दोन्ही वेळा दूध जसंच्या तसं राहिलं. लागलं नाही, फाटलं नाही, नासलंही नाही. उघड्यावर, वैशाखाच्या उन्हाळ्यात, गोडच्या गोड.

"कोनाची नजर लागली का काय," गंगूबाई पुटपुटली.

दीपानं तिला वेड्यात काढलं. पण तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. आंबणं हे जिवाणूंचं काम. ते दाण्यावर असतात, हातावर असतात, हवेत असतात, त्यांना बोलवावं लागत नाही. त्यांना घराबाहेर ठेवायचं म्हटलं तर तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही ते धड जमत नसे.

२

या सगळ्याच्या आधी पाय होता.

पुंजाजी, दीपाचा बाप, एसटीत ड्रायव्हर होता. रिसोड, वाशीम, मंगरूळपीर, सगळे रस्ते त्याच्या पायाखालचे. निवृत्त झाला, साखर वाढली, आणि नव्या चपलेनं उजव्या तळव्याला जरासं लागलं ते बरंच होईना. जखम खोल गेली, अंगठा काळा पडला. वाशीमच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असं स्वच्छ सांगितलं.

"ह्याच पायानं आयुष्यभर ब्रेक मारला म्या," पुंजाजी म्हणाला. "हा पाय गेला तं मीच गेलो समजा."

तो हे रडत म्हणाला नाही. चहा पिता पिता म्हणाला, आणि म्हणूनच दीपाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. बापावर तिचा फार जीव. शाळेच्या सुट्टीत ती त्याच्या गाडीत बोनेटवर बसून फिरायची, आणि तो पाय ब्रेकवर पडला की तिला वाटायचं, आता जगात कोणाचंही काही वाईट होणार नाही.

तिची मागची खोली तेव्हा जोरात होती. रिसोड रस्त्यावरच्या एका जुन्या बाभळीच्या बुंध्याशी तिला रेशी सापडली होती, लाखेसारखी चकाकणारी औषधी बुरशी. तिचे तंतू काचेच्या चंबूत, गोडसर पाण्यात ती वाढवायची. चंबू सारखे हलते ठेवणारं शेकर नावाचं यंत्र दिवसभर घुर्र घुर्र करायचं, आणि पाण्यात तंतूंचे गोळे भिजलेल्या साबुदाण्यासारखे फिरायचे. ही बुरशी पाण्यात साखरेच्या लांबच लांब साखळ्या सोडते. पॉलिसॅकराइड म्हणतात त्यांना. त्यांनी जिवाणू मरतात. अडचण एवढीच की ती हे औषध फार थोडं बनवते. सुखात असली की आळशी होते. मग तिला घाबरवायचं, म्हणजे मेलेले जिवाणू थोडे तिच्या पाण्यात टाकायचे. आपल्यावर चाल झाली असं समजून ती जोमानं औषध बनवायला लागते. पुस्तकात लिहिलेली, चार ठिकाणी करून पाहिलेली पद्धत. दीपा आणि तिची मैत्रीण शाजिया यांनी त्यासाठी प्रयोगशाळेतले निरुपद्रवी जिवाणू निवडले होते.

डॉक्टरांकडून आल्यावर दीपानं ते बाजूला सारले. शत्रू दाखवायचा तर खराच दाखवावा, असं तिच्या डोक्यात आलं. तिनं बापाच्या जखमेत कापसाचा बोळा फिरवला. बोळ्याबरोबर मांसाचा एक बारीक तुकडाही निघून आला. तो वेगळा करायला हवा होता, हे तिला कळत होतं. पण बापानं दात आवळले होते, माय दारात उभी राहून डोळे पुसत होती, आणि दीपाला तिथून उठायची घाई झाली होती. तिनं सगळंच मायच्या मोठ्या कुकरमध्ये उकळून मारलं आणि चंबूत टाकलं.

म्हणजे त्या बुरशीला जखमेतल्या जिवाणूंबरोबर पुंजाजीही चाखायला मिळाला.

मग जे झालं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. चंबूतलं पाणी भेंडीच्या पाण्यासारखं दाट झालं. स्पिरिटमध्ये ओतलं तर पांढरे धागे सुटले, काचेच्या कांडीला गुंडाळत गेले, आणि संपेचनात. एवढं उत्पादन कोणाला मिळालेलं तिच्या वाचनात नव्हतं. तिनं ते धागे पाण्यात विरघळवून बापाच्या जखमेवर लावले. एखाद्या विद्यार्थिनीनं असं तपासणीशिवाय माणसाला औषध लावलं असतं तर दीपानं तिला प्रयोगशाळेच्या दारात उभं केलं नसतं. पण बाप आपला असला की शिक्षण कुठे जातं कोण जाणे.

रोज सकाळी गंगूबाई ते बोटानं पसरायची. पायाला दुसऱ्या कोणाचा हात पुंजाजी लावू देत नसे. जखम सुकली, घाण वास गेला, अंगठ्याचा काळेपणा मागे हटला. मध्ये एकदा तो दुपारी जेवून झोपला तो उठेचना. गंगूबाईनं हाका मारल्या, गदागदा हलवलं, घाबरून भरपूर औषध पायाला चोपडलं आणि रडत लिलाबाईला बोलवायला धावली. दोघी परत आल्या तेव्हा तो उठून खुर्चीत बसला होता आणि रस्त्याकडे बघत होता. लिलाबाईनं गंगूबाईची चांगलीच थट्टा केली.

दीपा त्या दुपारी वाशीमला होती. तिला हे हसत हसत सांगितलं गेलं, आणि तीही हसली.

३

शाजिया मंगरूळपीरची. तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं, आणि लेकीनं जिवाणूंच्या मागे लागावं हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. कामात मात्र ती दीपाच्या दोन पावलं पुढे. औषधाचा जोर मोजायचं काम तिच्याकडे होतं. काचेच्या बशीत जिवाणूंचा थर वाढवायचा, मधल्या खळग्यात औषध टाकायचं. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जेवढं स्वच्छ वर्तुळ, तेवढा औषधाचा जोर.

दीपा बसनं वाशीमला पोचली तेव्हा शाजिया बश्या उजेडाकडे धरून बसली होती. तिनं नेहमीसारखं हसून स्वागत केलं नाही.

"हे पाह्य," ती म्हणाली. "वर्तुळ कुठं संपते तेच दिसून नाई राह्यलं."

अख्खी बशी कोरी होती.

"मंग चांगलंच हाय ना."

"अन् ही? हिच्यात तुहं औषध नाईच. साधं पानी टाकलं हाय." ती बशीही कोरी होती. "ज्या बश्या म्या एकटीनं केल्या त्या बरोबर वाढल्या. ज्यांना तुहा हात लागला त्या सगळ्या अशा."

दीपानं लगेच कारण शोधलं. औषध हाताला चिकटलं असेल, स्पिरिट सांडलं असेल. शाजियानं एक कोरी बशी पुढे सरकवली. पहिल्या वर्षाच्या मुलींकडून करून घेतात तो खेळ. न धुतलेलं बोट बशीवर टेकवायचं, आणि दुसऱ्या दिवशी बोटाच्या आकारात पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपके उगवलेले बघून छी छी करायचं. दोघींनी बोटं टेकवली. दीपा त्या रात्री शाजियाच्याच खोलीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी शाजियाच्या बोटाच्या जागी ठिपक्यांचं बोट उगवलं होतं. शेजारी दीपाच्या बोटाची खूण होती. कातडीवरच्या रेषासुद्धा त्या मऊ थरात स्पष्ट उमटल्या होत्या. त्यावर काहीही उगवलं नव्हतं.

"सॅनिटायझर लावलं असशीन," शाजिया म्हणाली.

"लावलं असन."

लावलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. शाजियानं बशी खाली ठेवली.

"माणसाच्या अंगावर काईच नाई, असं होत नाई दीपा. खुदा कसम, मेल्यावर बी होत नाई. मेल्यावर तं उलटं जास्त होते." मग हळूच म्हणाली, "घरी सगळे बरे हायेत ना? मामा बरे हायेत?"

"बा? बा तं एकदम मस्त हायेत," दीपा म्हणाली.

हे ऐकताना शाजियानं आपली खुर्ची जराशी मागे घेतली. मुद्दाम नाही, तिच्या नकळत. दीपानं ते पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं.

४

घरी आली तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. लिलाबाईच्या ओट्यावर आंब्याच्या सालींवर माश्या घोंगावत होत्या. दीपाच्या ओट्यावरही सालींची बादली होती. तिच्यावर एकही माशी नव्हती.

दीपा तिथेच थबकली. शेजारचं घोंगावणं ऐकू येत होतं आणि आपल्या दारात सगळं चिडीचूप. कान देऊन ऐकायला लागलं की अशी शांतता आणखीच वाढते. आत स्वयंपाकघराच्या कपाटात, बुद्धपौर्णिमेला केलेल्या खिरीची एक वाटी भांड्यांमागे राहून गेलेली तिला सापडली. पौर्णिमा होऊन बरेच दिवस उलटले होते. तिनं डोळे बारीक करत वाटी नाकाशी नेली. वेलदोड्याचा वास आला, ताजा. तिनं ती खीर परसात ओतली. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. ती खिरीपाशी आली, आणि लांबून वळसा घालून पुढे निघून गेली.

पुंजाजी पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली, खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. उजवा पाय स्टुलावर. कूलर बंद होता.

"बा, कूलर काहून बंद केला?"

"कायले लागते?" तो म्हणाला.

त्याचा सदरा कडक कोरडा होता. पाठीवर, काखेत, कुठेच घामाचा डाग नाही. दीपाच्या स्वतःच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, उलटसुलट केला, शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. जखम कुठे होती ते शोधावं लागत होतं. त्या जागी कातडी गुळगुळीत, पांढुरकी आणि जरा चकचकीत झाली होती. "पाय थंड लागतोय थोडा, पण ते चालायचंच. वाचला तुमचा पाय, आजोबा!" ते म्हणाले. त्यांनी पायाखेरीज काही तपासलं नाही. पायासाठीच तर आले होते सगळे. गंगूबाई तिथेच रडली. गावात आल्यावर तिनं गल्लीत पेढे वाटले. एवढा आनंदाचा दिवस, पण पुंजाजी एकदाही हसला नाही, आणि दीपाही नाही.

घरी आल्यावर गंगूबाई पेढे घेऊन बाहेर गेली तेव्हा दीपानं बापाचं मनगट हातात घेतलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. अंगठ्याखाली बोटं टेकवली आणि थांबली. मनगट घरातल्या माठाइतकं थंड होतं. बोटं सरकवली, दाब कमी केला, जास्त केला. मग बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा आणला. त्याच्या पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या.

साखरेच्या आजारात नाडी लागत नाही कधी कधी, तिनं स्वतःला बजावलं. बोटं थंड असली की चिमटा चुकतो. सेल उतरले असतील. कारणं भराभर सुचत होती, आणि एकही पटत नव्हतं.

"झालं का पाहून?" पुंजाजीनं विचारलं. तो खिडकीबाहेरच बघत होता.

तिनं हात झटकन सोडला. तोच चिमटा आपल्या बोटाला लावून सेल तपासावेत, असं तिच्या मनात आलं होतं. पण तसं करायचा तिला धीर झाला नाही.

५

औषध कमी पडायला लागलंच होतं. बुरशी त्या मेलेल्या शत्रूला सरावली होती. दर खेपेला धागे विरळ निघत. उत्पादन पुन्हा वाढवायचं तर तिला नवा नमुना द्यायला हवा, हे दीपाला कळत होतं. तिनं दिला नाही. घरात काहीतरी भयंकर चाललं आहे, आणि ते आपल्याच हातून चाललं आहे, एवढं तिला पुरतं कळून चुकलं होतं. त्याला नाव द्यायची मात्र तिची हिंमत नव्हती.

"माय, औषध संपलं," तिनं सांगून टाकलं.

"मंग बनव ना."

"पाय बरा झाला आता. कायले लागते?"

गंगूबाईनं तिच्याकडे असं बघितलं की दीपानं नजर वळवली.

एक-दोन दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी गंगूबाई स्वयंपाकघरातून आनंदानं ओरडली, "दीपा, आंबले वो! गहू आंबले! वास येऊन राह्यला पाह्य!"

दीपा धावत गेली. वास होता खरा. आंबूस, गोडसर, घशाशी येणारा. त्या भयाण आठवड्यांनंतर घरात पहिल्यांदा काहीतरी जसं व्हायला हवं तसं होत होतं. तिला हुंदका फुटायचाच बाकी होता. गंगूबाईनं हौसेनं झाकण उचललं.

पाणी स्वच्छ होतं. गहू जसेच्या तसे होते.

वास भांड्यातून येत नव्हता. खिडकीच्या गजावर एक माशी येऊन बसली होती, निळी, जाड. तिनं पाय चोळले आणि ती घरात शिरली.

"दीपा," पुढच्या खोलीतून पुंजाजीची हाक आली. "हिकडं ये बाई."

ती गेली. मनात धावा करत, एकेक पाऊल रेटत गेली. तो तसाच बसला होता. दीपा त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि आता बसल्यावर तिला ते दिसलं. बोलायच्या आधी त्याची छाती वर यायची. बोलून झालं की खाली जायची. आणि मग पुढचं बोलणं येईपर्यंत तशीच राहायची.

"त्या दिवशी दुपारी म्या गाडी डेपोले लावली होती," तो म्हणाला. छाती खाली गेली. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. छाती वर आली. "इंजिन बंद केलं. उतरलो. लय बरं वाटलं मले. पाय दुखून नोता राह्यला, काईच दुखून नोतं राह्यलं."

"बा, तुमी काय बोलून राह्यले?"

"मंग कोनं चाबी फिरवली?"

दीपाला रडू आवरेना. तिनं त्याच्या पायाला हात लावला, त्याच पायाला, आणि पटकन काढून घेतला. तो लाकडासारखा टणक होता.

"तुह्यावर राग नाई, बाई," पुंजाजी म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे मान वळवली. डोळे कोरडे होते, पापणी लवत नव्हती, पण बघणारा माणूस तिचाच बाप होता. हेच सगळ्यांत वाईट होतं. "आता मले उतरू दे."

"हो," दीपा म्हणाली. "हो बा."

६

तिनं पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि मागच्या खोलीत गेली. तिचं ठरलं होतं. बापानं मागितलं होतं आणि तिनं हो म्हटलं होतं. सगळं मोरीत ओतायचं, चंबू फोडायचे, मग लिलाबाईला हाक मारायची. बाप गेला म्हणून सांगायचं. चारचौघांसारखं रडायचं. त्या रडण्याची तिला आस लागली होती.

तिनं शेकर बंद केला. महिनोन् महिने चाललेली घुर्रघुर्र थांबली आणि खोली एकाएकी परकी वाटायला लागली. चंबूतले गोळे फिरायचे थांबले, हळूहळू खाली बसायला लागले. दीपा बघत राहिली. ते मधोमध बसले नाहीत. प्रत्येक चंबूत ते एकाच अंगाला सरकले आणि काचेला दाटीनं चिकटून राहिले. पुढच्या खोलीच्या भिंतीकडच्या अंगाला.

तिनं डोळे मिटून पहिला चंबू उचलला आणि मोरीकडे वळली.

"ठेव ते," गंगूबाई म्हणाली. ती दारात उभी होती.

"माय, तुले मालूम नाई. बा... बा आता नाईत वो. कधीचेच नाईत."

"मले मालूम हाय."

दीपानं चंबू छातीशी धरला.

"त्या दिवशीच मालूम होतं मले," गंगूबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "लिलाबाईले बोलवाले गेली तवाच मालूम होतं. परत आली तं हे बसलेले. मले वाटलं, बसू दे. जशे हायेत तशे हायेत. घरात मानूस तं हाय."

"ते सोता म्हनून राह्यले, मले जाऊ दे म्हून! आपल्याले काय हक हाय, माय? ऐकना माहं. आपन दोघी राहू. मी इथंच राहीन, तुले सोडून कुठंच जानार नाई."

ती मायच्या गळ्यात पडायला पुढे झाली. जवळ गेली आणि थांबली. पुढच्या खोलीचं दार बंद होतं. कडी तिनं आपल्या हातानं लावली होती. तरी वास इथं होता. स्वयंपाकघरात होता त्याहून जास्त होता.

"माय," दीपा अगदी हळू म्हणाली.

"लय दिवस झाले वो," गंगूबाई खाली बघत म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखी ती ओशाळली होती. "एका दुपारी डोळ्यापुढं अंधारी आली, चुलीपाशी पडली. मंग उठली. बोटाले तुहं औषध लागलेलंच होतं, अन् कामं होते ना. तुले सांगून तुह्या जिवाले घोर कायले लावा?"

दीपानं मायचं मनगट धरलं. धरायची गरज नव्हती, तरी धरलं. बोटं जागच्या जागी टेकवली आणि वाट पाहिली. बाहेर लिलाबाई कोणाला तरी हाका मारत होती. त्या हाका विरल्या, पुन्हा आल्या, आणि दीपाच्या बोटांखाली काहीही हललं नाही. मायच्या हातावर चुलीच्या चटक्याचा एक ताजा डाग होता, आणि तो लालही झाला नव्हता.

पलीकडून खुर्ची करकरली. "दीपा," बापाचा आवाज आला, दमलेला, वाट पाहणारा. "बंद केलं ना बाई?"

एकाला जाऊ द्यायचं तर दोघांना जाऊ द्यावं लागणार होतं. आजच, या उन्हात, तिच्याच हातानं. मग या घरात ती एकटी. ती मोठमोठ्यानं रडायला लागली. मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ती लहान असताना फिरवायची तसाच, आणि त्या थंड हाताखाली दीपा हळूहळू शांत झाली.

तिनं चंबू परत जागेवर ठेवला. शेकरचं बटण दाबलं. घुर्रघुर्र सुरू झाली आणि गोळे पुन्हा फिरायला लागले. पलीकडचा आवाज त्यात बुडून गेला. औषध आता दोघांपुरतं लागणार होतं, आणि बुरशी जुन्या नमुन्याला सरावली होती. दीपानं कपाटातून कापसाचा नवा बोळा आणि छोटी कात्री काढली.

"माय," ती म्हणाली, "हात पुढं कर."

गंगूबाईनं पदर खोचला आणि हात पुढे केला.